सगळी माणसं ‘अनावश्यक’मध्ये गेलीत

पत्र (थोडं छाटून देतेय):

“ताई, माझं वय ४१. एका मध्यम कंपनीत हिशेब बघतो, आमचा बराचसा माल परदेशात जातो. नोकरी अजून आहे, पगार वेळेवर होतो, म्हणजे तसं बघायला गेलं तर तक्रारीला जागा नाही. पण दोनेक वर्षं झाली, मंदी, लेऑफ, व्याजदर, टॅरिफ, एआय याशिवाय डोक्यात काही नाही. रात्री दोनला आपोआप जाग येते आणि मी फोनवर कुठल्या कुठल्या देशातली मार्केट्स बघत बसतो. ऑफिसात कुजबुज आहे की दोन डिपार्टमेंट एकत्र करणार. बायकोला सांगितलेलं नाही, उगाच तिच्या जिवाला घोर नको. खर्च आवरायला एक्सेल शीट केलीय, सोबत जोडतो, बरंच छाटलंय तरी महिनाअखेर मेळ बसत नाही. बातम्यांत सांगतात महागाई कमी झाली, मग आमच्याच घरात ती का दिसत नाही? मला हिशेब येईनासा झालाय का? मागच्या महिन्यात एका क्लायंटच्या बिलात एक शून्य जास्त पडलं, सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. परवा मुलगी म्हणाली, बाबा तू घरी असतोस पण नसतोस. जगाच्या अर्थव्यवस्थेचं मी एकटा काय करणार हे कळतं हो, डोकं ऐकत नाही. सगळी गुंतवणूक मोडून पैसे हाताशी ठेवू का? – झोप उडालेला”

अरे, तू माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझी शीट चारदा. शीट फार सुंदर केलीयस हे आधी सांगते, रंग काय, फॉर्म्युले काय, सोळा वर्षांचा हात दिसतो. पण त्यात मला जे दिसलं ते तुला दिसलंय का हे माहीत नाही. लाल रंगातला तुझा ‘अनावश्यक’ कॉलम बघ. रो १४, शुक्रवारचं बॅडमिंटन. १५, कॉलेजच्या ग्रुपची वर्षातून एकदा होणारी भेट. १७, बायकोचा गाण्याचा क्लास. १८, मुलीचं स्विमिंग. २१, बहिणीकडे जायचा प्रवासखर्च. आणि हिरव्यात, म्हणजे ‘आवश्यक’मध्ये काय राहिलंय? तीन ओटीटी, दोन पेड न्यूज अॅप आणि मार्केटच्या टिप्स देणारं एक सबस्क्रिप्शन. हे सहाही मिळून बॅडमिंटनच्या दुपटीपेक्षा जास्त होतात, बेरीज मी नाही केली, तुझ्याच शीटनं केलीय. म्हणजे तू खर्च छाटायला बसलास आणि छाटली माणसं, आणि ज्यांनी झोप उडवली त्यांना मात्र ‘आवश्यक’ म्हणून पैसे चालू ठेवलेस.

हसतेय तुला असं वाटेल, नाही हसत. भीती वाटली की माणूस हेच करतो, आणि असं करणारा तू पहिला नाहीस. याबद्दलच आज जास्त बोलणारे, पण त्याआधी तुझा महागाईचा प्रश्न निकालात काढू, कारण तो तुला आतून खातोय आणि त्याचं उत्तर सोपं आहे.

महागाई कमी झाली याचा अर्थ किमती कमी झाल्या असा होतच नाही. शंभराची वस्तू एका वर्षात एकशे नऊला गेली, ही नऊ टक्के महागाई. पुढच्या वर्षी ती एकशे बाराला गेली की महागाई पावणेतीन टक्क्यांवर आली, बातमीत सगळे खूश, आणि तू दुकानात एकशे बाराच मोजतोयस. पगार मधल्या काळात शंभराचा एकशे पाच झाला असेल तर तू सातनं मागे आहेस आणि पुढची कितीही वर्षं महागाई ‘आटोक्यात’ राहिली तरी पगार वाढेपर्यंत ते सात भरून येत नाहीत. तू हिशेबनीस आहेस, हे तुला मी सांगायला नको, पण स्वतःच्या घरावर आलं की आपण गणित सोडून स्वतःचा दोष शोधायला लागतो. तुझा हिशेब बरोबर आहे. मेळ बसत नाही कारण मेळ बसण्यासारखी परिस्थिती नाहीये.

आणि हे तुझ्या घरापर्यंत आलं कसं तेही बघ. २०२० मध्ये महामारीत कारखाने बंद, जहाजं अडकलेली, मग सगळं एकदम सुरू झाल्यावर मागणी जास्त आणि माल कमी. तेवढ्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. हे दोन देश मिळून जगातल्या गहू निर्यातीचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग पुरवत होते, त्यामुळे मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा अन्नकिमतींचा निर्देशांक तोपर्यंतच्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला. जून २०२२ ला अमेरिकेत महागाई ९.१ टक्के झाली, ऑक्टोबरात युरोझोनमध्ये १०.६. मग ती आवरायला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, जवळजवळ शून्यावर असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, आणि डॉलरवर इतकं व्याज मिळायला लागल्यावर पैसा तिकडे पळतो, म्हणून बाकीच्या बऱ्याच देशांनाही आपापले दर वर ठेवावे लागले. ज्याला युद्धाशी देणंघेणं नाही अशा माणसाच्या घराचा हप्ता असा वाढतो. तुमच्या परदेशी गिऱ्हाइकाचाही हप्ता वाढतो, तो ऑर्डर कमी करतो, आणि तुमच्या ऑफिसात कुजबुज सुरू होते. या साखळीत तू कुठे चुकलास ते मला दाखव. मला तरी सापडलं नाही.

आता शून्याबद्दल. २०१३ साली ‘सायन्स’ या मासिकात एक अभ्यास आला होता. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची त्यांनी बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा कापणीआधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा पीक विकून पैसे आल्यावर. माणसं तीच, पण पैसे नसताना त्यांचे गुण कमी आले. तंगीत असताना डोक्याचा एक कोपरा चोवीस तास तोच हिशेब करत असतो, मग उरलेल्या डोक्यात बाकीचं जग बसवावं लागतं. तुझ्या खिशात तर अजून पैसे आहेत, तुला तंगीची नुसती चाहूल लागलीय, पण दोन वर्षं रात्री दोनला उठणाऱ्या माणसाच्या बिलात एकच शून्य जास्त पडलं याचं मला खरं तर कौतुक वाटतं. म्हणूनच गुंतवणूक मोडायचा निर्णय या डोक्यानं, या वेळेला घेऊ नकोस. मी काही आर्थिक सल्लागार नाही, तो प्रश्न जो रीतसर फी घेतो आणि कमिशन खात नाही अशा माणसाला विचार. पण एवढं सांगते की पैसे गमावल्याचं दुःख तेवढेच मिळाल्याच्या आनंदापेक्षा बरंच मोठं वाटतं, हे कानेमन आणि ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय, आणि रात्री अंधारात पडत्या लाल आकड्यांकडे बघत बसलं की ते आणखी मोठं होतं. दिवसा, कागदावर, एकच आकडा काढ: पगार उद्या थांबला तर घर किती महिने चालेल. तीन असेल तर सहा कसे करायचे ते बघ, क्रेडिट कार्डचं काही थकलं असेल तर आधी ते मिटव कारण तितकं व्याज बँकेचं दुसरं कर्ज सहसा घेत नाही, आणि हप्ता जड जायला लागला तर चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोल, चुकल्यानंतर नाही, आधी गेलं की ऐकून घेतात. झालं. मार्केटबद्दल माझ्याकडे एवढंच आहे.

आता माणसांकडे येते.

ऑस्ट्रियात मारिएन्टाल नावाचं एक गाव होतं, अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगणारं. १९२९ ची महामंदी आली, गिरणी बंद पडली, मशिनरीही मोडीत निघाली, आणि साधारण पावणेपाचशे कुटुंबांतल्या तीनचतुर्थांश घरांत कमावतं कुणी उरलं नाही. तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ही तरुण संशोधक मंडळी आपल्या टीमसोबत तिथे जाऊन गावात मिसळली, म्हणजे आले, प्रश्न विचारले आणि गेले असं नाही, त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरी तपासणीची सोय केली, आणि या सगळ्यात बघत राहिले की बेकारी माणसाचं नेमकं करते काय. १९३३ ला पुस्तक आलं.

आपल्याला काय वाटेल? वेळच वेळ आहे तर माणसं वाचतील, गप्पा मारतील, राहिलेली कामं करतील. झालं उलटं. गावात वाचनालय होतं, पूर्वी त्याला थोडी फी होती, ती माफ केली, तरी १९२९ ते १९३१ मध्ये नेली जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली. फुकट पुस्तकं आणि रिकामा दिवस, आणि लोक वाचेनासे झाले! क्लब, मंडळं ओस पडली. संशोधकांनी खिडकीआड बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची नोंद ठेवली, तर पुरुष चालताना मध्येच थांबायचे, उगाच, दोन-तीनदा, कुठे पोचायचं नव्हतंच. बायकांची चाल त्या मानानं भरभर होती कारण घरची कामं काही संपली नव्हती. पुरुषांना दिवसभरात काय केलं ते लिहून द्यायला सांगितलं तर त्यांना दोन-तीन गोष्टींपलीकडे आठवेना, मधला वेळ कुठे गेला ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

याहोडानं पुढे यातून एक गोष्ट मांडली जी मला फार पटते. नोकरी पैसे देते हे तर आहेच, पण त्यासोबत न मागता आणखी काही देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपण चारजणांसोबत काहीतरी करतोय ही भावना, समाजात एक जागा, आणि हातपाय हलवायला कारण. पगार गेला की तो दिसतो, हे बाकीचं हळूहळू जातं आणि गेल्याचं कळतच नाही.

आता तुझी गंमत बघ. तुझी नोकरी गेलेली नाही आणि तू या सगळ्या गोष्टी स्वतःहून आधीच देऊन टाकल्यायस! शुक्रवार गेला, बहीण गेली, कॉलेजचे मित्र गेले, घरात मुलगी म्हणते तू नसतोस. मंदी अजून तुमच्या ऑफिसच्या दाराशी आहे आणि तू घरात तिची सगळी तयारी करून ठेवलीस. तुझ्या शीटचा यात दोष असा की तिला फक्त पैसे दिसतात, माणूस तिथे आला तर खर्च म्हणूनच येतो. बरं हा दोष एकट्या तुझ्या शीटचा नाही. देशाचं उत्पन्न मोजायची आजची पद्धत ज्यानं उभी केली त्या सायमन कुझनेट्सनंच १९३४ च्या अहवालात अमेरिकेच्या सिनेटला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं चाललंय का हे फारसं कळत नाही. नव्वद वर्षं झाली, अजून जीडीपी अर्ध्या टक्क्यानं वर-खाली झाला की मथळे येतात. झोपेच्या गोळ्यांचा खप त्यात धरला जातो, मित्रासोबत तासभर बसलास तर तो तास कुठेच धरला जात नाही. सरकारांना जे दिसत नाही ते तुझ्या एक्सेलला दिसलं नाही, समजू शकते.

आणि तू व्यवहारी माणूस आहेस म्हणून व्यवहाराचंच सांगते. १९७३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्यानं तुम्हाला सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. वारंवार भेटणारा, असं म्हणणारा सहातला एक निघाला. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. साधं आहे, जवळच्या माणसाला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी बातमी लांबचा माणूस आणतो. म्हणजे तुझी रो १५, वर्षातून एकदा भेटणारा तो कॉलेजचा ग्रुप, उद्या खरंच डिपार्टमेंट एकत्र झालं तर तुझ्या टिप्सवाल्या सबस्क्रिप्शनपेक्षा शंभरपट कामाचा आहे. मी काही त्यांना भेट ते नोकरी मागायला असं म्हणत नाहीये हं. पण नोकरी गेल्यावर वर्षभर न उचललेला फोन करणं किती जड जातं ते बघितलंय मी, माझ्या स्वतःच्या घरात. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्यानं पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं, सकाळी बॅग घेऊन निघायचा. कळलं तेव्हा मला राग नोकरी गेल्याचा नाही आला, पाच महिने एकटा बसला कुठेतरी बाकावर याचा आला, आणि खरं सांगू, तो राग पुरता गेलाय असं अजून म्हणवत नाही.

म्हणून बायकोचं. तिला घोर नको म्हणून सांगितलं नाहीस. पण तिचा गाण्याचा क्लास बंद केलास, त्याचं कारण काय सांगितलंस तिला? काहीतरी सांगितलं असशील, आणि ती दुसरंच काहीतरी समजून बसली असेल, आणि तुझ्या रात्रीच्या फोनचा उजेड तिच्या तोंडावर पडतच असणार. घोर तिला लागलेलाच आहे, फक्त कशाचा ते तिला माहीत नाही. सांग तिला. कुजबुज आहे, पक्कं काही नाही, घर इतके महिने चालेल, एवढ्या तीन वाक्यांत होतं. आणि ती शीट तिच्यासमोर उघड, लाल-हिरवं दोघांनी मिळून परत ठरवा, कदाचित ती गाण्याच्या क्लासऐवजी दुसरंच काही सोडायला तयार असेल, तो तिचा हक्क आहे. मुलीलाही तिच्या वयाला झेपेल तेवढं सांगा. मुलं आपल्या गप्प बसण्याचा फार भयंकर अर्थ लावतात.

बातम्यांचं एक वाक्यात उरकते, दिवसातून एकदा, संध्याकाळी, वीस मिनिटं, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत, अलार्मसाठी घड्याळ आण. इतक्यावरही तीन-चार आठवड्यांत झोप आली नाही तर डॉक्टरकडे जा, आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही, कशातच जीव नाही, आपण नसतो तर बरं असं काही डोक्यात यायला लागलं तर तेवढेही थांबू नकोस, त्याच दिवशी घरात सांग आणि डॉक्टर गाठ. यात लाज कसली? नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी बारा अब्ज कामाचे दिवस वाया जातात हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, एवढी मोठी रांग आहे, तू तिच्यात एकटा उभा नाहीस.

आता एक कबुली. असं पत्र आलं की ‘पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि मला त्या वाक्याचा मनापासून तिटकारा आहे. सगळ्यांचं ठीक होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात ३८० कोटी लोकांना कसलंच सामाजिक संरक्षण नाही, म्हणजे बेकारी भत्ता नाही, आजारपणाचा पगार नाही, पेन्शन नाही. त्यांना ‘मन खंबीर ठेव’ सांगणं म्हणजे छत नसलेल्याला पावसात छान श्वास घे म्हणण्यासारखं आहे. तुझी भीती खोटी नाही, ती जमिनीवरच उभी आहे. पण जे सरकारनं करायला हवं ते तू एकट्यानं रात्री दोनला फोनवर बसून होणार नाही, एवढंच.

आणि करता येतं, सरकारांनाही. मारिएन्टालचीच पुढची गोष्ट आहे. ते ग्रामाटनॉयझीडल नावाच्या गावाचा भाग आहे, आणि ऑक्टोबर २०२० पासून तिथे एक प्रयोग झाला, वर्षभराहून जास्त बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी, सक्ती नाही, हवं असेल तर. कुणी लाकूडकाम, कुणी बागकाम. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी ते तपासलं तर उत्पन्न सुधारलंच, पण दिवसाला आकार येणं, माणसांत असणं, आपली कुणाला गरज आहे वाटणं, म्हणजे याहोडाच्या यादीतलंच, तेही परत आलं. नव्वद वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर माणसं उगाच थांबत होती, त्याच गावात. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

तर तुझं सध्या एवढंच. शीटमध्ये एक कॉलम वाढव, ‘यात माणूस आहे का’, हो की नाही. ‘नाही’वाले आधी छाट, टिप्सवालं सबस्क्रिप्शन तर आजच. ‘हो’वाले छाटायची वेळ आलीच तर पैसे छाट, भेट नको. बॅडमिंटन कोर्टाचं भाडं जड होतंय ना, मग त्याच शुक्रवारी त्याच चौघांनी तासभर चालायला जा, रो १४ चा आकडा शून्य होईल आणि रो राहील. बहिणीकडे जायचा प्रवास परवडत नाही तर तिला दर रविवारी फोन कर, आणि का येत नाही ते खरं सांग, तिला वाटत असेल तू रुसलायस.

आणि हो, पत्राच्या तळाशी तू सहज लिहिलंय की बॅडमिंटनवाला एक मित्र अजून दर शुक्रवारी ‘येतोयस का’ एवढाच मेसेज टाकतो आणि तू तो वाचून ठेवून देतोस. किती महिने झाले म्हणालास, सात? सात महिने तो बिनउत्तराचा मेसेज टाकतोय. त्याला शुक्रवारची वाट न बघता आत्ता उत्तर दे, काय लिहायचं सुचत नसेल तर ‘खेळायला नाही, चालायला येतो’ एवढं पुरे.